शिकार, पण प्रेमानं

कुठल्याही पक्षाशी माझं वैर नाही, आणि पक्ष्यांशी तर मुळीच नाही. माझं भांडण आहे ते पक्षिप्रेमींशी. तेही सगळ्यांशी नव्हे. ज्यांचं प्रेम कॅमेऱ्याची पिशवी उघडल्यावर सुरू होतं आणि ती बंद केल्यावर संपतं, त्यांच्याशी.

नगरहून (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) करंजी घाट ओलांडून पाथर्डीकडं निघालं, की आमचं तिसगाव लागतं. पुण्याच्या माणसाला ते खेडं वाटतं, आजूबाजूच्या वस्त्यांना शहर वाटतं. घारींनी हा वाद केव्हाच मिटवलाय. जिथं मटणाचं दुकान, उकिरडा आणि उंच झाड एका नजरेत येतं, ते शहर! आमच्या परसातल्या लिंबावर घारीचं एक जोडपं दरवर्षी संसार मांडतं. काटक्या, तारा, चिंध्या, जे मिळेल ते चालतं. दोरीवरून नाहीसा झालेला आमचा पंचाही तिथंच फडफडताना दिसला. ‘वर जाऊन आणता का?’ असं घरातून विचारलं गेलं. मी पंचा आहेर समजून सोडून दिला.

यंदा मढीच्या यात्रेच्या सुमारास भाचा आला. गळ्यात कॅमेरा, आणि त्याच्या पुढं बंबाच्या नळकांड्याएवढी लेन्स.

‘‘मामा, तुमच्याकडं शिकारी पक्षी कुठं दिसतात?’’

‘‘ही काय, घार.’’

‘‘घार होय! ती काय, कुठंही असते.’’

मला राग आला. आपल्या आळीतल्या माणसाला परक्यानं ‘किरकोळ’ म्हटलं की येतो, तसला. अहो, ‘कुठंही असते’ ही काय निंदा झाली? गिधाडंही एके काळी कुठंही असत. मेलेला बैल गावाबाहेर नेऊन टाकला, की पुढचं काम तीच करीत. मग जनावरांना डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक देऊ लागले. ते औषध पोटात असलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले. त्यावर बंदी आली २००६ साली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक नाहीशी झाली. तेव्हा ‘कुठंही असते’ म्हणताना जरा जीभ चावावी.

पण तेवढ्यात घरट्यातून दोन पिसारलेली डोकी वर आली, आणि भाच्याचं मत बदललं.

‘‘मामा, ती फांदी आड येतेय. कोयता आहे का?’’

इथं मी खोटं बोलणार नाही. कोयता मीच दिला. शिडीही मीच धरली. पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, हा आपला एक जुना रोग आहे. फांदी पडली आणि त्याच क्षणी घारीनं वरून झेप घेतली. भाच्याच्या डोक्यावर टोपी होती. माझ्या डोक्यावर टोपीही नव्हती आणि केसही नव्हते.

त्यानं गच्चीवर तंबू ठोकावा तसा मुक्काम ठोकला. दोन दिवस नर-मादी ओरडत गिरट्या घालत होती; घरट्यावर काही टेकत नव्हती. मार्चचं आमच्याकडचं ऊन, आणि सावलीची फांदी खाली अंगणात पडलेली. तिसऱ्या दिवशी घरट्यातून एकच डोकं वर आलं.

भाचा तोवर पुण्याला पोचला होता. त्याचा फोटो मोबाईलवर आला: पंख पसरलेली, नख्या उगारलेली घार. खाली लिहिलं होतं, ‘आईची माया’. संत जनाबाईंनी आईच्या मायेसाठी घारीचाच दाखला दिला, हे खरं. पण ती माय कोणावर धावून येत होती, ते फोटोच्या चौकटीबाहेर राहिलं होतं. फोटोला दोनशे बदाम पडले होते. दुसरं पिल्लू कुणी मोजलं नाही.

आता कायदा ऐका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे. जंगली पक्ष्याच्या घरट्याला नुसता उपद्रव देणं, हेही तीत बसतं. म्हणजे भाचा शिकारी, आणि मी हाकारा! सलीम अलींना पक्ष्यांचं वेड लागलं ते १९०८ साली, लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं मारलेल्या एका चिमणीपायी. ते बंदुकीपासून निघून पक्षी जगवण्यापर्यंत गेले. आम्ही प्रेमापासून निघून कोयत्यापर्यंत आलो.

फोटो काढूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. खुशाल काढा. घार गच्चीवरून दिसते, रस्त्यावरून दिसते, चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावरूनही दिसते. पण आमिषाला मांसाचे तुकडे फेकू नका, घुबडाच्या डोळ्यांत उजेड मारू नका, आणि घरट्याशी जाऊ नका. अंडी उबवायला महिना, पिल्लू उडायला पुढं दीड-दोन महिने. एवढा काळ बाळंतिणीच्या खोलीत डोकावू नये, हे आपल्या आज्ज्यांना कुठल्याही कायद्याशिवाय कळत होतं.

उरलेलं पिल्लू एप्रिलअखेर उडालं. मी ओसरीवर बसून पाहिलं. आधी फांदीवर धडपडलं, मग शेजारच्या पत्र्यावर आपटलं, मग एकदम वर. फोटो नाही. पुरावाच हवा असेल तर माझ्या टकलावर एक ओरखडा आहे. तो घारीनं स्वतः काढलाय, आणि चांगला ठळक उठलाय.