उत्पन्न : निरंक

गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्रावर एक ताई आल्या. मुलीच्या खांद्यावर भार टाकत, एकेक पायरी चढत आल्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून बहिणीकडे निघाल्या होत्या. मागून भरधाव कार आली. नवरा खरचटण्यावर वाचला. ताईंच्या मांडीचे आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. मांडीत सळई बसवली. मनगट मात्र नीट जुळलेच नाही.

नुकसानभरपाईचा दावा वेळेत दाखल झाला होता. ताई आल्या होत्या ते वेगळ्याच कामासाठी. मुलीला शाळेत परत घ्यावे म्हणून मुख्याध्यापकांशी कुणी बोलेल का, हे त्यांना विचारायचे होते. दाव्याचे कागद आम्हीच बघायला मागितले. अर्जात लिहिले होते : व्यवसाय – घरकाम. उत्पन्न – निरंक.

आम्ही विचारले, "अपघाताआधी दिवसभर काय करत होतात?"

"काही नाही हो, घरीच असते मी."

मग हळूहळू निघू लागले. पहाटे पाचला उठणे, पाणी भरणे, दोन म्हशींचे शेण काढणे, धारा काढणे. वीस-बावीस भाकऱ्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूची आंघोळ. दुपारी खुरपणी. दूध डेअरीला जाते, त्याचे पैसे नवऱ्याच्या पासबुकात जमा होतात. म्हणजे ताईंच्या कष्टांचे रोख उत्पन्नसुद्धा होते, फक्त ते कागदावर दुसऱ्याच्या नावावर होते.

"आता हे सगळं कोण करतं?"

ताई काही बोलल्या नाहीत. मुलीने मान खाली घातली. ती नववीत होती.

मोल कुणी ठरवले?

घरकामाचे मोल होत नाही, असे आपण म्हणतो. अपघातांच्या कायद्यात ते बरीच वर्षे छापलेले होते. मोटार वाहन कायद्यात १९९४ साली एक परिशिष्ट जोडले गेले. कमाई नसलेल्या व्यक्तीचे उत्पन्न त्यात वर्षाला १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेबाराशे धरले होते. पती किंवा पत्नीची कमाई नसेल तर कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश धरायचा. हे परिशिष्ट २०१८ साली बदलेपर्यंत तसेच राहिले. त्याचा अर्थ नीट बघा. साहेबाच्या बायकोने केलेली पोळी महाग आणि हमालाच्या बायकोने थापलेली भाकरी स्वस्त! बाईच्या श्रमाचे माप काय, तर नवऱ्याचा पगार.

न्यायालयांनी ही चौकट थोडी थोडी मोडली आहे. जमशेदपूरला १९८९ साली एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुले दगावली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणींच्या कामाचे मोल महिन्याला तीन हजार रुपये धरले. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर 'काम न करणाऱ्यां'त बसवले होते. त्यावर २०१० साली न्या. गांगुली यांनी आपल्या निकालपत्रात कडक शब्दांत टीका केली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये न्या. रमणा यांनी सरकारचीच २०१९ ची वेळ-पाहणी पुढे ठेवली : बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करते आणि पुरुष ९७ मिनिटे. घरकाम करणाऱ्या बाईचे मानीव उत्पन्न धरावे, आणि ते पुढे वाढले असते हेही धरावे, असे त्या निकालाने सांगितले. २०२४ च्या पाहणीतही चित्र फारसे बदललेले नाही : २८९ आणि ८८ मिनिटे.

पण वरचा निकाल खाली झिरपायला किती काळ लागतो! अमरावतीकडच्या एका मृत गृहिणीच्या कुटुंबाचा दावा, तिला उत्पन्न नव्हते म्हणून, न्यायाधिकरणाने २००७ साली फेटाळला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो चुकीचा ठरवला २०२० साली. मध्ये तेरा वर्षे गेली.

मेली तर किंमत, जगली तर?

यातले बरेच निकाल मेलेल्या बायकांबद्दलचे आहेत. बाई गेली की घर अडते आणि तिची किंमत कळते. जखमी होऊन जगली तर मात्र दवाखान्याची बिले तेवढी जोडली जातात. कारण घर अडत नाही. ते दुसरी बाई ओढते. मुलगी, सून, जाऊ, माहेरून आलेली आई. एका बाईचे न मोजलेले काम दुसऱ्या बाईच्या अंगावर पडते, तेही न मोजता. मग विमा कंपनीचा वकील विचारतो, "नुकसान कुठे झाले?" ताईंच्या घरात त्याचे उत्तर आहे : मुलीचे शाळेचे एक अख्खे वर्ष.

इथे कायदा आपल्या बाजूने वापरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले की दाखल्यावरच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे काम करण्याची क्षमता तितकीच गेली असे नव्हे. अपघातापूर्वी ती व्यक्ती काय काम करत होती आणि आता त्यातले काय करू शकते, ते बघायचे. म्हणजे मनगटाचे अपंगत्व कागदावर वीस टक्के असेल, पण पीठ मळायचे, धार काढायची, खुरपे धरायचे, तर तोच हात लागतो. हे न्यायाधिकरणाला कुणी सांगितलेच नाही तर ते कसे कळणार? २०२० साली एका बारा वर्षांच्या जखमी मुलीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सोबतीला लागणाऱ्या माणसांचा खर्च पुढच्या आयुष्याचा हिशेब करून दिला. सोबत ही फुकट वस्तू नाही, हे त्यातून आपण घ्यायचे.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, घरकामाला असा भाव लावला तर बाई घराशी आणखी बांधली जाईल. मायेचे पैसे करायचे का, असेही कुणी विचारते. मला हे आक्षेप क्षुल्लक वाटत नाहीत. पण दाव्याच्या अर्जात भाव आधीच लावलेला असतो, आणि तो शून्य असतो. मायेची किंमत कुणी मागत नाही. हात गेल्यावर जे काम थांबले, त्याचा हिशेब मागतो आहोत. घरकाम बाईनेच का करायचे, हा प्रश्न आपण विचारत राहूच.

गटांनी काय करावे?

पहिली गोष्ट, मुदत. १९९४ साली दाव्यावरची मुदतीची अट काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. जखमी बाईचे सहा महिने खाटेवरच जातात. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तेव्हा उशीर झाला तरी आपणच दार लावून घेऊ नका, वकिलाला विचारा. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा.

दुसरी गोष्ट, कामाची वही. बाईच्या शेजारी बसून अपघाताआधीचा तिचा पूर्ण दिवस लिहून काढा. आता ते काम कोण करते, त्यासाठी कुणाची मजुरी बुडते, कुणाची शाळा सुटते, हेही लिहा. शेजारणींच्या साक्षी, डेअरीच्या पावत्या, बचत गटाच्या नोंदी जोडा.

तिसरी, लोक अदालत. तिथे तडजोड झाली की त्यावर अपील नाही. "मिळते ते घ्या," असे घरचे आणि वकील दोघेही म्हणतात. सही करण्याआधी बाईला आकडा समजला पाहिजे आणि विचार करायला वेळ मिळाला पाहिजे.

चौथी, पैसा. भरपाई बाईच्या जखमेची आहे. ती तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी, सामायिक खात्यात नव्हे. दुधाच्या पैशांचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

ताईंच्या अर्जात दुरुस्ती मागितली आहे. वहीची तेरा पाने जोडली आहेत. मुलीने ती आपल्या अक्षरात लिहून दिली. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. मुलगी जूनपासून शाळेत जाणार आहे. सकाळच्या धारा आता तिचे वडील काढतात. ते काढू शकत होते, हेही घराला तेव्हाच कळले.

आपापल्या गावात, वस्तीत असे दावे चालू असतील. बायकांना भेटा, अर्ज मागून घ्या आणि उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते आधी वाचा.