मोबाईल अॅपचा धंदा : माग कोणाचा, नक्षी कोणाची?

आपल्या समाजातील अनेक मुले संगणकाचे शिक्षण घेऊन मोबाईलसाठी अॅप बनविण्याच्या धंद्यात उतरत आहेत. व्यापारी मंडळीही दुकानासाठी, गोदामासाठी, उधारी-वसुलीसाठी अॅप बनवून घेत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हा धंदा वाटतो तितका नवा नाही. त्याला वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात कितीतरी हुशार कारागिरांची मेहनत पाण्यात गेलेली आहे. ती का गेली, हे समजून घेतल्याशिवाय या धंद्यात भांडवल घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही कापडाच्या तिजारतीतली माणसे. संगणकाची भाषा आम्हाला लिहिता येत नाही. परंतु माग कोणाचा, सूत कोणाचे, नक्षी कोणाची आणि तयार माल कोणाच्या पेढीवर विकला जाणार, हे चार प्रश्न आम्हाला विचारता येतात. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, मजुरीवर माग चालविणाऱ्याचे नशीब या चार प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. अॅप बनविणाऱ्याचेही तसेच आहे.

एक नक्षी, अनेक माग

आज बाजारात मुख्यतः दोनच प्रणाली दिसतात, अँड्रॉइड आणि आयफोनची. स्मार्टफोनच्या पहिल्या काळात असे नव्हते. सायऑन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून १९९८ साली लंडनमध्ये सिम्बियन ही कंपनी काढली. तिच्या एकाच प्रणालीवर पुढे दोन वेगळी घराणी झाली. नोकियाच्या फोनांत एस-६० होते, ते बटणांवर चालायचे. सोनी एरिक्सनच्या फोनांत यूआयक्यू होते, ते पडद्यावर काडी टेकवून चालायचे. त्याशिवाय कॅनडाच्या ब्लॅकबेरीची प्रणाली वेगळी, अमेरिकेच्या पामची वेगळी आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज मोबाईल आणखी वेगळी.

प्रत्येकाची भाषा निराळी, हत्यारे निराळी, कायदे निराळे. समजा एखाद्याने हिशेबाचे एक चांगले अॅप सिम्बियनसाठी बनविले. तेच ब्लॅकबेरीवर चालवायचे तर जवळजवळ पहिल्यापासून लिहावे लागे. पैठणीच्या हातमागावरची बांधणी उचलून यंत्रमागावर ठेवता येत नाही, तसाच हा प्रकार. नक्षी तीच, पण प्रत्येक मागासाठी नवी बांधणी, नवा कारागीर आणि नवा खर्च.

यावर तोडगा म्हणून जावा पुढे आली. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ पासून जावाचा प्रचार करताना वचन दिले होते, एकदा लिहा आणि कुठेही चालवा. साध्या फोनांतही जावा आली. प्रत्यक्षात काय झाले? एका फोनचा पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, दुसऱ्याचा १७६ बाय २०८, तिसऱ्याचा २४० बाय ३२०. कापडाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक गिऱ्हाइकाचा पन्हा वेगळा. बटणे वेगळी, स्मरणशक्ती वेगळी. एकदा लिहा आणि सगळीकडे तपासत बसा, अशी या धंद्यातल्या लोकांनीच त्या वचनाची थट्टा केली. मुंबईच्या इंडियागेम्ससारख्या संस्था त्या काळी फोनवरचे खेळ बनवीत. असा एक खेळ विकायचा म्हणजे ढीगभर हँडसेटसाठी त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या तयार कराव्या लागत. शिवाय माल विकला जायचा मोबाईल सेवा देणाऱ्या कंपन्यांमार्फत आणि उत्पन्नातला मोठा वाटा त्याच ठेवून घेत.

माग बदलला, माल बाद

अनेक मागांचा खर्च एक वेळ सोसता येतो. खरा घाव बसतो तो मागवाला एके दिवशी मागच बदलतो तेव्हा. २००६ साली नोकियाने एस-६० ची तिसरी आवृत्ती बाजारात आणली. जुन्या फोनांवरचे अॅप नव्या फोनांवर जसेच्या तसे चालेना. शिवाय फोनच्या नाजूक भागांना हात लावणाऱ्या अॅपवर तपासणीची मोहोर घेणे आवश्यक झाले. इन्साफाने बोलायचे तर त्यामागे कारण होते. २००४ साली कॅबिर नावाचा कीटक ब्लूटूथवरून सिम्बियन फोनांत शिरला होता आणि गिऱ्हाइकाच्या फोनची राखण करणे गरजेचे होते. परंतु त्या राखणीचा खर्च आणि खोळंबा लहान कारागिराच्या वाट्याला आला.

पुढे तर हे वारंवार घडले. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ७ आणला, त्यावर विंडोज मोबाईलचे जुने अॅप चालत नव्हते. २०१२ मध्ये विंडोज फोन ८ आला, तेव्हा ७ वाले फोन त्यावर नेता येत नव्हते. पामने २००९ मध्ये वेबओएस ही नवी प्रणाली काढली. २०१० मध्ये एचपीने पाम विकत घेतली आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये वेबओएसचे फोन बनविणेच थांबविले. ब्लॅकबेरीने २०१३ मध्ये नवी प्रणाली आणली, तीवर जुनी जावा अॅप निकामी ठरली.

सर्वांत मोठी पडझड नोकियाची. ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली आणि सिम्बियनचा रस्ता संपला. १ जानेवारी २०१४ पासून नोकियाच्या दुकानाने सिम्बियनचा नवा माल घेणे बंद केले. ज्यांनी वर्षानुवर्षे फक्त सिम्बियनची विद्या शिकली होती, त्यांचे कसब एका जाहीरनाम्याने भंगारात निघाले. त्यांच्या कामात खोट नव्हती. माग दुसऱ्याचा होता, एवढेच.

आमच्या बाजारातही काही व्यापाऱ्यांनी त्या दिवसांत ऑर्डर लिहून घेण्यासाठी विशिष्ट हँडसेटवर चालणारी अॅप करून घेतली होती. हँडसेट बाजारातून गेले तशी अॅपही गेली. अॅपबरोबर गिऱ्हाइकांच्या नोंदीही अडकल्या, कारण त्या काढून घेण्याची सोय कोणी मागितली नव्हती आणि बनविणाऱ्याने सांगितली नव्हती.

पेढीवाल्याचा वाटा

जुलै २००८ मध्ये अॅपलने आपले अॅप स्टोअर उघडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अँड्रॉइडचा बाजार सुरू झाला. लहान कारागिरासाठी ही मोठी सोय होती, हे मान्य केले पाहिजे. घरी बसून अॅप बनवा, पेढीवर ठेवा, गिऱ्हाईक जगभरचे. अॅपलने शंभरातले सत्तर कारागिराला आणि तीस स्वतःला, असा हिशेब ठेवला. मोबाईल कंपन्यांच्या दारात उभे राहण्यापेक्षा हा सौदा पुष्कळ बरा होता.

परंतु पेढी एकच उरली की आडत ठरविणाराही एकच उरतो. तीस टक्के हा दर वर्षानुवर्षे तसाच राहिला. २०२१ मध्ये अॅपल आणि गुगल या दोघांनी लहान कारागिरांसाठी तो पंधरावर आणला, तोही जगभर ओरड झाल्यावर. आपल्या देशात भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरवरील वसुलीच्या पद्धतीबद्दल गुगलला ९३६ कोटी ४४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२५ मध्ये अपिलात ती रक्कम सुमारे २१६ कोटींवर आली. दंड कमी झाला तरी प्रश्न कायम आहे. बाजाराचा मालकच दुकानदार आणि दलालही असेल, तर लहान माणसाने दाद कोठे मागायची?

काही जण म्हणतील, आता दोनच प्रणाली उरल्या, मग जुन्या भांडणाची चिंता कशाला? आमचे म्हणणे उलट आहे. माग कमी झाले म्हणून बांधणीचा खर्च घटला, पण मागवाल्याचा हात अधिक वर गेला. २०१७ मध्ये अॅपलने आयओएस ११ आणले, तेव्हा ३२ बिटची जुनी अॅप त्यावर चालेनाशी झाली. नोकियाने २००६ मध्ये जे केले, तेच ११ वर्षांनी पुन्हा घडले.

भाषेचेही तेच. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठीची जोडाक्षरे तुटत, वेलांट्या भलत्याच जागी पडत. उर्दूचे नस्तालिक वळण तर दिसतच नसे. मजकुराचे चित्र करून पाठवावे लागे. आयफोनवर उर्दूसाठी नस्तालिक अक्षरे आली ती २०१७ मध्ये. आपली जबान केव्हा उमटावी, हेसुद्धा मागवाल्याच्या मर्जीवर होते.

तगले कोण?

या पडझडीत तगलेल्यांकडेही पाहावे. व्हॉट्सअॅप २००९ मध्ये सुरू झाले. त्याच्या चालकांनी एका मागावर भरवसा ठेवला नाही. आयफोन, ब्लॅकबेरी, सिम्बियन, अँड्रॉइड, विंडोज फोन आणि नोकियाचे साधे एस-४० फोन, या साऱ्यांसाठी त्यांनी वेगवेगळी अॅप बनविली. श्रीमंताच्या आयफोनवरून गरिबाच्या नोकियावर निरोप जाऊ लागला. गिऱ्हाइकाची ओळख त्यांनी त्याच्या मोबाईल नंबरावर ठेवली. माणसाने नोकिया टाकून सॅमसंग घेतला तरी गिऱ्हाईक त्यांच्याकडेच राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्याकडे सुमारे ५५ माणसे कामाला होती आणि वापरणारे ४५ कोटी होते. जुन्या फोनांची सेवा बंद करायची वेळ आली तेव्हा त्यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये आधी सूचना दिली. ब्लॅकबेरी व सिम्बियनला तर मुदत वाढवून दिली.

दुसरे उदाहरण फायरफॉक्स ओएसचे. २०१४ मध्ये ही प्रणाली असलेला फोन भारतात दोन हजार रुपयांच्या आत मिळत होता. प्रणाली चालली नाही, पुढे बंद पडली. परंतु तिची लिखावट सर्वांसाठी खुली होती. तिच्यातूनच कायओएस निघाली आणि २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनवर तीच बसली. फोनगॅप या साधनाचेही तसेच. एकदा लिहून अनेक प्रणालींवर चालविण्यासाठी ते निघाले, २०११ मध्ये अॅडोबीने घेतले, २०२० मध्ये बंद केले. पण त्याची खुली आवृत्ती कॉर्डोव्हा नावाने चालू राहिली. मालकाने दुकान बंद केले तरी खुली नक्षी मरत नाही.

आमच्या सूचना

एक, अॅप बनविणाऱ्या मुलांनी हिशेबाचे पोट आणि पडद्याचा चेहरा वेगळा ठेवावा. चेहरा प्रत्येक मागासाठी बदलला तरी पोट आपलेच राहिले पाहिजे. शक्य असेल तेथे खुली साधने वापरावीत.

दोन, व्यापाऱ्यांनी आपल्या गिऱ्हाइकांची यादी, उधारी आणि साठ्याच्या नोंदी केव्हाही साध्या स्वरूपात बाहेर काढता येतील, अशी अट घालावी. अॅप भाड्याचे चालेल, वही भाड्याची चालत नाही.

तीन, सौदा लिहून करावा. सूरह बकरामधील सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण सर्व जाणतो. तरीही आपल्याकडे अॅपची लाखाची कामे तोंडी ठरतात. लिखावट कोणाची, नोंदी कोणाच्या, प्रणाली बदलली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे कागदावर हवे.

चार, बनविणाऱ्याने गिऱ्हाइकाला खरे सांगावे. हे अॅप आज चालते, दोन-तीन वर्षांनी त्यावर पुन्हा खर्च करावा लागेल, ही गोष्ट लपविणे म्हणजे तागा उलगडताना फाटलेला भाग हाताखाली दाबण्यासारखे आहे. मालाचा ऐब लपवून केलेल्या विक्रीत बरकत नाही.

सरकारकडेही आमची मागणी आहे. ज्या कंपन्यांच्या पेढीवर लाखो लोकांची रोजी अवलंबून आहे, त्यांनी दार बंद करण्यापूर्वी वा कायदे बदलण्यापूर्वी पुरेशी मुदत द्यावी, असे बंधन हवे. गाळा रिकामा करवून घेतानाही मालक भाडेकरूला नोटीस देतो. अॅपच्या बाजारातील लहान माणसाला तेवढा हक्क तरी मिळाला पाहिजे.

आपल्या मुलांच्या हातात हुन्नर आहे. तो एकाच मागाला बांधून ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे. अल्लाह तआला त्यांच्या मेहनतीत बरकत देवो. आमीन.