टाका नवीन, बघू पुढे!

गाडी 'पाणी पिते' म्हणून दर शनिवारी बाटलीत पाणी ओतत राहणाऱ्या माणसाला मी एक वेळ माफ करीन. आपण दुरुस्ती वगैरे काही करत नाही आहोत, हे त्याला निदान माहीत असतं. माझं भांडण आहे ते 'टाका नवीन, बघू पुढे' या पंथाशी. हा पंथ गॅरेजात आहे, आपल्या हापिसात आहे, आणि मंडळी, रागावू नका, पण त्याला दक्षिणा आपणच घालतो.

आधी प्रकरण सांगतो. इथे न्यू जर्सीत माझ्याकडे १९९२ ची माझदा मियाटा आहे (अमेरिकेबाहेर हिला एमएक्स-५ म्हणतात). दोनच सीटा, कापडी टप, पुढे १.६ लिटरचं इंजिन आणि जोर मागच्या चाकांना. वयाने माझ्यापेक्षा मोठी, म्हणजे खरं तर 'अहो ताई' म्हणायला हवं. तर या ताईंचं कूलंट दर आठवड्याला पेलाभर कमी व्हायला लागलं. खाली फरशीवर मात्र एक थेंब नाही. गाडी बंद केली की बॉनेटपाशी गोडसर वास, बस्स.

एका गॅरेजात नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च फिरवला आणि पाच मिनिटांत यादी हातात ठेवली: रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होज. बेरीज १,४०० डॉलरच्या वर. मी विचारलं, पण गळतंय कुठून? तर म्हणे एवढ्या जुन्या गाडीत कुठूनही गळू शकतं. आता हे खोटं नाही. पण हे उत्तरच नाही हो! ताप आलेल्या माणसाला कोणी 'या वयात काहीही असू शकतं' म्हणून यकृत, मूत्रपिंड आणि दोन्ही गुडघे बदलायची यादी दिली, तर आपण दवाखान्यातून पळ काढू. मीही काढला.

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. कूलंट दाबाखाली असतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे, तो व्हॉल्व्ह आहे. या गाडीत साधारण १३ पीएसआयपर्यंत दाब धरून ठेवतो. दाब वाढला की उकळबिंदू वाढतो, म्हणून पाणी आणि ग्लायकॉलचं निम्मं-निम्मं मिश्रण सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. आता थंड, उभ्या गाडीत टॉर्च मारून गळती दिसणार कशी? इंजिन तापतं, दाब चढतो, केसाएवढ्या फटीतून बारीक फवारा उडतो आणि गरम लोखंडावर पडून त्याची वाफ होते. फरशी कोरडी. मागे उरतो खपलीसारखा पांढरट-हिरवट डाग, आणि तो वास.

शोधायची रीत मात्र अगदी साधी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना झाकण उघडलंत तर तोंड भाजून घ्याल) झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर न जाता दाब भरायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. हा पंप इथल्या ऑटो पार्टच्या दुकानांत अनामत ठेवून वापरायला मिळतो. फुकट! काटा पडायला लागला, तर आरसा आणि टॉर्च घेऊन आडवं व्हायचं. पडत नाही आणि तरीही कूलंट जातंय, तर संशय झाकणावर किंवा हेड गॅस्केटवर. त्यांच्याही चाचण्या आहेत. गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर एक निळं रसायन पिवळं पडतं. शाळेतल्या लिटमसची आठवण यावी अगदी.

माझ्याकडे विसाव्या मिनिटाला सापडलं. इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या अंधाऱ्या फटीत, हीटरकडे जाणारी रबरी नळी. मऊ, फुगलेली, आणि बोटाला तेलकट. तेलकट? कूलंटच्या नळीला तेल कुठून आलं? तर तिथेच, सिलिंडर हेडच्या मागे, कॅम अँगल सेन्सर बसतो. त्याची ओ-रिंग म्हातारपणी कडक होते, तेल झिरपतं आणि खालच्या नळ्यांवर ठिबकतं. या नळ्यांचं रबर ग्लायकॉलला बधत नाही, पण तेलात फुगून लिबलिबीत होतं. म्हणजे कूलंटच्या गळतीचं मूळ तेलाच्या गळतीत! मियाटावाल्यांमध्ये हा रोग चांगला प्रसिद्ध आहे.

आता ती यादी पुन्हा वाचा. हीटरची नळी तिच्यात नव्हतीच. १,४०० डॉलर मोजूनही पेलाभर कूलंट तसंच उडालं असतं. आणि समजा कोणी नळी तेवढी बदलली असती, तरी वरून तेल ठिबकतच राहून नवी नळीही कुजली असती. नळी आणि ती काही डॉलरची रिंग दोन्ही बदलली, तेव्हा कुठे काटा जागचा हलेना.

यावर लोक म्हणतात, अरे पण जुन्या गाडीत रेडिएटर तसाही बदलावाच लागतो. मान्य. त्याच्या प्लास्टिकच्या टाक्या काळ्याच्या तपकिरी-हिरवट पडल्या की तडकायची वाट बघू नये. टायमिंग बेल्ट उतरवलाच आहे तर पंपही बदलावा. पण त्याला खबरदारी म्हणा. खबरदारी निदान म्हणून विकू नका.

आणि ती बाटलीतली 'लीक बंद' पावडर! फट बुजवायला निघालेली ती रेती हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते. आपल्याकडे रात्री तीनला सर्व्हर पडतो, कोणीतरी रीस्टार्ट करतो आणि तिकीट 'रिझॉल्व्ड', तसलाच प्रकार.

इथे खरं नुकसान पैशांचं नाहीच. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. एकदा इंजिन भडकलं की हेड वाकतं आणि तीस वर्षं नीट चाललेली गाडी भंगारात जाते. बरं, काट्यावर भरवसा ठेवावा तर कूलंट पार खाली गेलं की सेन्सर हवेत लटकतो आणि काटा खोटं बोलतो. (डॅशबोर्ड हिरवागार आणि सिस्टीम मेलेली... ओळखीचं वाटतंय ना?)

पण मेकॅनिकला एकट्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. इथे बऱ्याच ठिकाणी त्याला 'फ्लॅट रेट'ने पैसे मिळतात: पंप बदलायला पुस्तकात जितके तास लिहिलेत, तितक्यांचे. आरसा धरून आडवं पडण्यात गेलेल्या तासाचं मोल कोण देतं? आपण तर नाहीच. पाचशेचा पार्ट मुकाट घेतो, आणि 'तपासणीचे शंभर' म्हटलं की आपला चेहरा पडतो, 'नुसतं बघायचे पैसे?' स्वतः मात्र महिनाभर नुसतं बघण्याचाच पगार घेतो. बग शोधायला तीन दिवस, बदललेली ओळ एक.

म्हणून हल्ली कुठल्याही गॅरेजला फोन केला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: प्रेशर टेस्टचे किती घेता? 'फुकट करून देतो' म्हणणाऱ्याकडे मी गाडी नेत नाही. तो ते पैसे रेडिएटरमधून काढणार.