आंबट, पण आपली!

वीकेंडला पाणीपुरीच्या गाडीवर 'भैया, मीठा थोडा ज्यादा' म्हणणाऱ्या समस्त मंडळींनो, त्या गोड पाण्यातली चिंच येते कुठून? 'मॉलमधून' हे उत्तर बाद! फेब्रुवारी-मार्चमध्ये लातूरच्या आडत बाजारात एक चक्कर माराच. चिंचेच्या वासानेच तोंडाला पाणी सुटतं. त्या दिवसांत चिंचा फोडून चिंचोके वेगळे करण्याचं काम बायांच्या हातांना असतं. फोडलेल्या चिंचेला भाव वेगळा, चिंचोक्याला वेगळा. चिंचोका म्हणजे फक्त सारीपाट खेळायची वस्तू नव्हे बरं; त्याच्या पिठाची खळ कापड गिरण्यांत सुताला लागते.

गंमत बघा, 'टॅमरिंड' हा शब्द अरबी 'तमर-हिंदी'वरून आला. म्हणजे हिंदुस्थानी खजूर. आणि झाड मूळचं आफ्रिकेतलं! पण आपल्याकडे असं काही रुळलं की गावोगावच्या चिंचोल्यांना नाव देऊन बसलं. त्यातल्याच निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिकडे नांदेडच्या देगलूर-बिलोली पट्ट्यात तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे कोवळा पाला वरणात घालायचा म्हटलं तर कुणी नाक मुरडत नाही. टेस्ट एकदम भारी.

आता मुद्द्याचं. पुण्यात ईएमआय भरणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांची गावाकडे चार-दोन एकर आहे आणि ती बघायला माणूस नाही. 2016मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे विसरून कसं चालेल? अशा मुलखात चिंच हलक्या, मुरमाड जमिनीतही तग धरते. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्या, पुढे ती आपलं आपण बघते. फक्त पाणी साचणारी जागा नको.

बी लावलंत तर फळाला आठ-दहा वर्षं सहज जातात. म्हणून कलमच घ्या. ते चौथ्या-पाचव्या वर्षी धरायला लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'प्रतिष्ठान' ही जात आहे. अंतर 10 बाय 10 मीटर, म्हणजे एकरी साधारण 40 झाडं. मधल्या जागेत सुरुवातीला मूग-उडीद निघतो. एक वर्ष लगडली की पुढच्या वर्षी हात आखडते, हा तिचा स्वभाव. झोडपून काढू नका. नाजूक फांद्या मोडतात.

आमच्या काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लेका, सोयाबीन चार महिन्यांत पैसा देतंय. चिंच लावणार तू, अन् तवर घर कोण चालवणार?" प्रश्न बिनतोड! सगळं रान चिंचेखाली घाला, असं मीही म्हणणार नाही. बऱ्याच वादानंतर बांधावर दहा कलमांवर सौदा तुटला. काकांनी जागाही दाखवलीये, विहिरीपासून सगळ्यात लांबची!