मोठ्या टर्बोच्या गाडीला ट्युनिंग बॉक्स? मी तर विकत नाही

नांदगाव पेठला आपलं दुकान हायवेलगत आहे. त्यामुळे अधूनमधून एखादा पोरगा येतोच, "भाऊ, डिझेल गाडीला मोठा टर्बो बसवलाय, आता ट्युनिंग बॉक्स द्या."

माझं मत स्पष्ट आहे. अशा गिऱ्हाइकाला बॉक्स विकू नका.

कारण समजून घ्या. साधा बॉक्स सेन्सर आणि ईसीयूच्या मधात बसतो. रेल प्रेशर आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून ईसीयू प्रेशर वाढवतो आणि डिझेल जास्त जातं. पण ईसीयूमधला हिशेब कंपनीच्या जुन्या टर्बोचाच राहतो. हवा आणि डिझेलचा मेळ बसला नाही की काळा धूर, एक्झॉस्ट तापतो, शेवटी पिस्टन नाहीतर टर्बोच जातो. मोठ्या टर्बोला त्याच गाडीसाठी केलेला रिमॅप लागतो, तोही डायनोवर तपासलेला.

दुसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनबाहेरचे बदल चालू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे बिल फाडायच्या आधी सांगा.

मग धंदा कसा करायचा? गाडी फक्त ट्रॅकवर पळणार असेल तर चांगल्या रिमॅपवाल्याकडे पाठवा. रस्त्यावरची असेल तर मूळ टर्बो परत बसवायचं काम तुम्ही घ्या. बॉक्सचं मार्जिन एकदाच मिळतं. इंजिन गेलं तर नाव मात्र पार अमरावतीपर्यंत जातं.