क्ले क्रॉसचे अकरा आणि नवे डिस्ट्रिक्ट कौन्सिल

इंग्लंडमधील डिस्ट्रिक्ट कौन्सिलांची पहिली निवडणूक ७ जून १९७३ रोजी झाली. महानगरी काउंट्यांच्या बाहेरील २९६ नव्या डिस्ट्रिक्टांतील मतदारांना त्या दिवशी मत द्यावयाचे होते. परंतु ज्या संस्थेसाठी मत द्यावयाचे ती अद्याप अस्तित्वातच आलेली नव्हती. निवडून आलेल्या सभासदांनी जवळजवळ दहा महिने अधिकाराविना बसावे, अधिकारी नेमावे, जुन्या दप्तरांची जुळवाजुळव करावी आणि १ एप्रिल १९७४ रोजी कारभार हाती घ्यावा, अशी योजना होती. तोवर जुनी शहरी व ग्रामीण कौन्सिले आपापल्या जागी चालूच होती. एकाच गावावर एक मावळते आणि एक उगवते अशी दोन कौन्सिले त्या काळात नांदत होती.

पन्नास वर्षांपूर्वीची ही हकीकत आज उकरून काढण्याचे कारण असे की, ही डिस्ट्रिक्ट कौन्सिले आता मोडीत निघत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने श्वेतपत्रिका काढून काउंटी व डिस्ट्रिक्ट अशी दुहेरी रचना संपविण्याचे धोरण जाहीर केले. नव्या एकस्तरीय कौन्सिलाची लोकसंख्या सर्वसाधारणपणे पाच लाख वा अधिक असावी, असे तीत सांगितले आहे. जगभरच्या समाजवाद्यांना जवळच्या वाटणाऱ्या पक्षाचे हे धोरण आहे. म्हणूनच ही कौन्सिले कशी जन्मली आणि त्या जन्माच्या वेळी काय गमावले गेले, हे तपासून पाहणे आपल्याला आवश्यक वाटते.

वाचकांनी येथे आपल्या जिल्हा परिषदेचे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. आपल्या जिल्ह्याच्या जवळपास जाणारी संस्था म्हणजे काउंटी. डिस्ट्रिक्ट हा तिच्या पोटातला, आपल्या तालुक्याच्या तोलाचा विभाग होय. शाळा, समाजकल्याण, मोठे रस्ते हे काउंटीकडे. घरबांधणी, केरकचरा, सार्वजनिक स्वच्छता, बांधकामाचे परवाने हे डिस्ट्रिक्टकडे. यातील घरबांधणी हे खाते सर्वांत महत्त्वाचे. त्या काळी इंग्लंडमधील लक्षावधी कामगार कुटुंबे कौन्सिलांनी बांधलेल्या घरांत भाड्याने राहत. भाडे किती असावे हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने परराष्ट्र धोरणाहून मोठा होता, आणि तो प्रश्न सोडविणारी माणसे गावातल्या रस्त्यावर भेटत.

जुनी रचना सडली होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. हजाराहून अधिक लहानमोठी कौन्सिले, काहींचे उत्पन्न इतके तुटपुंजे की धड गटारे बांधता येऊ नयेत. अनेक ग्रामीण जागांवर वर्षानुवर्षे निवडणूकच नाही, कारण जमीनदाराच्या विरुद्ध उभे राहणार कोण? बरोंमध्ये आणि काउंट्यांमध्ये लोकांनी न निवडलेले ‘ऑल्डरमन’ सहा सहा वर्षे खुर्च्या अडवीत. विल्सन सरकारने नेमलेल्या रेडक्लिफ-मॉड आयोगाने १९६९ मध्ये शहर आणि त्याभोवतीचा ग्रामीण भाग एकत्र आणणाऱ्या मोठ्या एकस्तरीय संस्था सुचविल्या, आणि सरकारने त्या मुख्यतः स्वीकारल्या. श्रीमंत उपनगराने गरीब शहराच्या खर्चात आपला वाटा उचलावा, हा त्यामागचा विचार समाजवादीच होता. १९२१ मध्ये लंडनमधील पॉप्लरचे जॉर्ज लॅन्सबरी आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले ते याच मागणीसाठी: गरिबांच्या पोषणाचा भार गरीब वस्तीनेच का सोसावा? तेव्हा लहान तेवढे सुंदर, असे आम्ही म्हणत नाही.

जून १९७० मध्ये सत्तांतर झाले आणि श्री. हीथ यांच्या हुजूर सरकारने मॉड आयोगाचा आराखडा बाजूस सारला. १९७२ च्या कायद्याने दुहेरी रचना आली. ऑल्डरमन गेले, हे चांगलेच झाले. परंतु डर्बी, नॉटिंगहॅम, ब्रिस्टल यांसारखी शहरे, जी आपल्या शाळा स्वतः चालवीत होती, ती काउंटीच्या हाताखालचे साधे डिस्ट्रिक्ट बनली. मजूर पक्षाच्या बाजूने झुकणाऱ्या शहरांच्या शाळा बहुधा हुजूर पक्षाच्या बाजूने झुकणाऱ्या काउंट्यांच्या स्वाधीन झाल्या. यात योगायोग किती आणि हिशेब किती, हे वाचकांनीच ठरवावे.

या नव्या डिस्ट्रिक्टांपैकी एकाला दिशेचे नाव मिळाले: नॉर्थ ईस्ट डर्बीशर. क्ले क्रॉस आणि ड्रॉनफील्ड ही दोन शहरी कौन्सिले आणि चेस्टरफील्डभोवतालच्या ग्रामीण कौन्सिलाचा बहुतेक सर्व भाग जोडून ते तयार करण्यात आले. मधले चेस्टरफील्ड शहर मात्र निराळ्या डिस्ट्रिक्टमध्ये राहिले, आणि नव्या कौन्सिलाची कचेरी अनेक वर्षे त्याच चेस्टरफील्डमध्ये, म्हणजे स्वतःच्या हद्दीबाहेर होती! ड्रॉनफील्ड हे शेफील्डला कामावर जाणाऱ्यांचे गाव. क्ले क्रॉस हे कोळशावर वाढलेले, सुमारे दहा हजार वस्तीचे खाणकामगारांचे गाव. या दोहोंना जोडणारा धागा शोधावयाचा तर नकाशावरच शोधावा लागतो.

क्ले क्रॉसच्या कौन्सिलात अकरा जागा होत्या आणि अकराही मजूर पक्षाच्या. पार्लमेंटमध्ये पुढे जवळजवळ पन्नास वर्षे गाजलेले श्री. डेनिस स्किनर याच गावचे, याच कौन्सिलात घडलेले. त्यांचे दोन बंधू या अकरांत होते. गलिच्छ वस्त्या पाडून नवी घरे बांधावयाची आणि भाडे कमी ठेवावयाचे, हा त्यांचा कार्यक्रम. १९७१ मध्ये शिक्षणमंत्री श्रीमती थॅचर यांनी सात वर्षांवरील शाळकरी मुलांचे मोफत दूध बंद केले तेव्हा क्ले क्रॉसने ते चालू ठेवले.

१९७२ मध्ये हीथ सरकारने घरबांधणी अर्थसाहाय्याचा कायदा केला आणि भाडे ठरविण्याचा कौन्सिलांचा अधिकार काढून घेतला. आठवड्याला सुमारे एक पौंड भाडेवाढ करणे भाग पडणार होते. अनेक मजूर कौन्सिलांनी प्रथम विरोधाचे ठराव केले आणि मग एकामागून एक माना तुकविल्या. क्ले क्रॉसने मान तुकविली नाही. लेखापरीक्षकाने न आकारलेल्या भाड्याबद्दल अकरा सभासदांवर ६,९८५ पौंडांचा अधिभार बसविला. नव्या डिस्ट्रिक्टची निवडणूक झाली तेव्हा हे प्रकरण धुमसतच होते. जुलै १९७३ मध्ये उच्च न्यायालयाने अधिभार कायम केला, आणि १९७४ च्या आरंभी अपीलही फेटाळले गेले. अकराही जण पाच वर्षांसाठी अपात्र ठरले. दरम्यान सरकारने भाडेवसुलीसाठी एक घरबांधणी आयुक्त पाठविला. आपल्याकडे ज्याला प्रशासक म्हणतात त्या जातीचाच हा गृहस्थ! कौन्सिलाने त्याला बसावयास जागा दिली नाही, आणि वाढीव भाडे गोळा करणे त्याला साधले नाही.

रिकाम्या झालेल्या जागांसाठी पोटनिवडणूक झाली, ती अवघ्या काही आठवड्यांच्या आयुष्यासाठी. तरीही क्ले क्रॉसच्या मतदारांनी बहुतेक सर्व जागांवर पुन्हा मजूर पक्षाचीच माणसे धाडली. भाडे कोण ठरविणार, या प्रश्नाला गावाने मतपेटीतून दिलेले याहून स्पष्ट उत्तर कोणते असू शकेल? आणि १ एप्रिल १९७४ रोजी ते कौन्सिलच इतिहासजमा झाले. अकरांना अपात्र करता आले, परंतु गावाला वठणीवर आणता आले नव्हते. ते काम एका नव्या हद्दरेषेने केले. डिस्ट्रिक्टच्या विस्तीर्ण सभागृहात क्ले क्रॉसच्या वाट्याला मूठभर जागा उरल्या.

त्याच १ एप्रिलला आणखी दोन गोष्टी घडल्या, ज्यांची चर्चा निवडणुकीच्या सभांतून फारशी झालेली दिसत नाही. पाणीपुरवठा आणि मैलानिःसारण कौन्सिलांकडून निघून नव्या प्रादेशिक जल प्राधिकरणांकडे गेले. स्थानिक आरोग्यसेवा राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या नेमलेल्या मंडळांकडे गेली. म्हणजे जून १९७३ मध्ये मतदाराने ज्यांना निवडले, त्यांच्या हाती कारभार येता येताच पाणी आणि आरोग्य निघून गेले होते. कार्यक्षमतेच्या नावाखाली हे झाले. पाण्याचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे: १९८९ मध्ये श्रीमती थॅचर यांनी ती प्राधिकरणे भांडवलदारांना विकली. नगरपालिकांच्या हातून जलवाहिन्या काढून विकणे कोणत्याही सरकारला जड गेले असते. लोकांना उत्तरदायी नसलेल्या दहा मंडळांची विक्री त्या मानाने सुकर झाली. घरांचेही तेच. १९८० च्या कायद्याने डिस्ट्रिक्टांना आपली घरे भाडेकरूंना स्वस्तात विकणे भाग पाडले.

मजूर पक्षाच्या नेतृत्वाविषयी येथे दोन शब्द कठोर बोलणे प्राप्त आहे. मार्च १९७४ मध्ये सत्तेवर येताच विल्सन सरकारने भाडेवाढ गोठविली आणि १९७५ मध्ये भाडे ठरविण्याचा अधिकार कौन्सिलांना परत दिला. म्हणजे क्ले क्रॉसची मागणी न्याय्य होती, हे कायद्यानेच मान्य केले. परंतु तो अधिकार परत मिळाला तो डिस्ट्रिक्टला. ज्या कौन्सिलाने त्यासाठी झुंज दिली ते उरलेच नव्हते. आणि त्या अकरांविषयी वरिष्ठ नेत्यांना अभिमान कमी व अडचण अधिक वाटत राहिली. कायदा मोडणाऱ्यांची पाठराखण कशी करावी, हा त्यांचा पेच समजण्यासारखा आहे. पण पॉप्लरचे नाव सभांमधून घेताना हाच पेच कोणाला पडत नाही.

आता पुन्हा हद्दी आखल्या जात आहेत. पुनर्रचनेचे कारण पुढे करून मे २०२५ मध्ये नऊ ठिकाणच्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. हीथ सरकारने निदान नवी संस्था उभी करण्यापूर्वी मतदाराला बोलाविले होते! पाच लाखांच्या कौन्सिलामुळे खर्च वाचेल, दुहेरी कारभाराचा घोळ संपेल, हे खरे असू शकेल. मॉड आयोगाचा तर्कही तोच होता आणि आजही तो टाकाऊ नाही. परंतु तेथील मजूर पक्षाच्या साध्या कार्यकर्त्याने उमेदवारीच्या याद्या करण्यापूर्वी मंत्र्यांना काही गोष्टी विचारल्या पाहिजेत. घरभाडे कोण ठरविणार? केंद्राने लादलेला कायदा अन्याय्य वाटला तर त्याविरुद्ध उभे राहण्याइतके स्वतःचे उत्पन्न नव्या कौन्सिलाजवळ असेल काय? दहा हजारांच्या गावाला पाच लाखांच्या सभागृहात किती जागा, आणि गावाच्या पातळीवर कोणते अधिकार लेखी मिळणार? ही उत्तरे कायद्याच्या मसुद्यात असावी लागतील. मंत्र्यांच्या भाषणात असून भागणार नाही. क्ले क्रॉसला १९७३ मध्ये हे प्रश्न विचारण्यास कोणी सवडच दिली नव्हती.