साडेनऊ वाजले, बाहेर व्हा!

देशपांडे नगर (हुबळी) आणि आसपासच्या सर्व रहिवाशांस,

गेल्या महिन्यात आपल्या भागातल्या एका बागेच्या कुंपणावर नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाची मांडी फाटली. भर दुपार होती, फाटकाला कुलूप होतं आणि चेंडू आत गेला होता. कुंपणाच्या गजांना वर भाल्यासारखी टोकं आहेत, त्यांना हौसेनं सोनेरी रंग दिलेला आहे. त्यातल्या एका टोकात आधी चड्डी अडकली आणि मग मांडी. टाके घालावे लागले. आठवड्याच्या आत बाग चालवणाऱ्यांनी उपायही केला: सोनेरी टोकांच्या वरून काटेरी तारेचे दोन पदर ओढले.

हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही त्यांनी हा कागद कोपऱ्यावरच्या गिरमिटवाल्याला द्यावा. त्याला पुडी बांधायला तरी तो उपयोगी पडेल.

बाकीच्यांशी बोलायचं आहे ते कुंपणाबद्दल नाही. चेंडू सकाळी सात वाजताही आत जातो. तेव्हा पोरगं फाटकातून जातं, चेंडू घेतं आणि परत येतं. त्या दुपारी तो मुलगा कुंपणावर चढला, कारण फाटक बंद होतं. तारेचे दोन पदर लावायला कुणाला तरी सुचलं, पण फाटक उघडं ठेवावं हे सुचलं नाही. ते का सुचलं नाही, यासाठी हे पत्रक.

फाटकावरची पाटी आपण सगळे रोज बघतो आणि कुणीच वाचत नाही. सकाळी 5.30 ते 9.30, सायंकाळी 4.30 ते 8. मधले सात तास कुलूप. रोजचे सात म्हणजे वर्षाचे 2,555 तास. दिवसाचा उजेड सरासरी बारा तास धरला, तर उजेडातल्या दर शंभर तासांपैकी अठ्ठावन्न तास ही सार्वजनिक बाग सार्वजनिक नसते. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी पन्नासेक दिवसांची. त्यात साडेतीनशे तास पोरं बाहेर आणि झोपाळे आत. सुट्टीत आठ वाजता उठणाऱ्या मुलाच्या वाट्याला दूध-नाश्ता धरून सकाळी जेमतेम तासभर बाग येते, आणि त्या तासात झोपाळ्याभोवतीच्या वाटेवर आपण मंडळी हात हलवत फेऱ्या मारत असतो.

हो, आपणच. ही वेळ ठरवली आहे ती चालायला जाणाऱ्यांसाठी: ज्यांना नऊ वाजता घरी जाऊन आंघोळ करून ऑफिसला जायचं आहे किंवा पेन्शनीत असल्यामुळे पेपर वाचायचा आहे, ज्यांच्या घरात पंखा आहे आणि दुपारी पाठ टेकायला पलंग आहे. आपली फेरी संपली की बागेचं काम संपलं, असा हा हिशेब आहे. त्याविरुद्ध आपण कधी तक्रार केली नाही, कारण आपलं काहीच अडलं नाही.

अडतं ते कुणाचं हे बघायला कुणीही एकदा दुपारी बारा वाजता त्या कुंपणापाशी जावं. आतल्या करंजाची सावली बाहेरच्या फुटपाथवर जेवढी पडते, तेवढ्या पट्ट्यात माणसं बसलेली असतात. सकाळची चार घरची धुणीभांडी उरकलेल्या आणि चारला पुन्हा कामावर जायचं असलेल्या दोघी-तिघी. घर लांब, रिक्षा परवडत नाही. डॉक्टर कधी भेटतील याची वाट बघणारा, टाय सैल केलेला औषध कंपनीचा पोरगा. पाठीवरची डिलिव्हरीची पिशवी उतरवून मोबाईल चार्ज कुठे करावा याचा विचार करणारा दुसरा एक. आपल्या शेजारचं धारवाड तर स्पर्धा परीक्षांच्या पोरांनी भरलेलं आहे. त्यांतले काही हुबळीतही खोल्या करून राहतात आणि एका खोलीत पाचजण म्हटल्यावर वाचायला जागा शोधत हिंडतात. सावलीतलं एक बाकडं एवढीच त्यांची मागणी. बाकडी आहेत. आत आहेत. साडेनऊला शिट्टी होते आणि “टैम आत्री, नडीरी” (वेळ झाली, चला) म्हणत वॉचमन बाकडी रिकामी करत जातो.

त्या वॉचमनवर आपला काही राग नाही. कुलूप लावून तो आतच करंजाखाली आडवा होतो. पहाटे पाचला आलेला माणूस आहे, त्याला ती विश्रांती मिळायलाच हवी. प्रश्न एवढाच की माणूस आत असताना फाटक उघडं ठेवायला जादा खर्च किती? आणि सात तास सावली फक्त एका माणसाला द्यायची असेल, तर बागेला सार्वजनिक उद्यान म्हणून सोनेरी अक्षरांची कमान कशाला?

“दुपारच्या उन्हात बागेत येतं कोण?” हा प्रश्न कुलुपाच्या बाजूनं सर्वात जास्त वेळा विचारला जातो. बंद फाटकासमोर उभं राहून आत कुणी नाही असं म्हणण्यातला विनोद सोडून देऊ. पण उन्हाबद्दलच बोलायचं तर ऐका. मे 2010 मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसं जास्त मेली. त्यातून 2013 साली तिथे उष्णतेशी सामना करण्याचा शहरव्यापी आराखडा झाला, आपल्या देशातला पहिला. उन्हाचा इशारा आला की बागा उघड्या ठेवायच्या, हा त्यातला अगदी साधा, बिनखर्चाचा उपाय. पॅरिसमध्ये लाट आली की काही बागा रात्रभर उघड्या ठेवतात. म्हणजे ऊन वाढलं की जग फाटक उघडतं, आणि आपण एप्रिलमध्ये पारा सदतीसवर गेला की सावलीला कुलूप घालून माणसांना डांबरावर बसवतो. बरं, अहमदाबाद आणि पॅरिस लांबची गावं. बेंगळुरूच्या बागाही सकाळी दहा वाजता बंद व्हायच्या. 2024 मध्ये त्या पहाटे 5 ते रात्री 10 उघड्या ठेवायचं ठरलं. तिथलं आणि इथलं सरकार एकच आहे, अशी आमची समजूत आहे.

दादरचं शिवाजी पार्क तर दुपारीही उघडं असतं. 1925 मध्ये ते माहीम पार्क म्हणून खुलं झालं, 1927 मध्ये त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. अठ्ठावीसेक एकरांचं मैदान आणि भोवती बसायला बुटका कट्टा. कुंपण म्हणा, बाक म्हणा, तेच. त्या मैदानावरून सभा, क्रिकेट, आवाज, धूळ यांवर मुंबईकरांची भांडणं अखंड चालू असतात, 2010 मध्ये न्यायालयानं तो भाग शांतता क्षेत्र ठरवण्यापर्यंत ती गेली. शंभर वर्षांत भांडून झालं नाही ते एवढंच की दुपारी मैदान बंद असावं. कट्ट्यावर दुपारी माणूस झोपला म्हणून मुंबई बुडाली नाही. गुन्हेगारीच्या नावानं ज्या न्यूयॉर्कची गोष्ट सांगून आपल्याला भिववलं जातं, तिथलं सेंट्रल पार्क सकाळी 6 ते रात्री 1 उघडं असतं.

आता दारुड्यांचा मुद्दा. बागेत बाटल्या सापडतात, म्हणून कुलूप हवं. बाटल्या सापडतात कधी? पहाटे, फाटक उघडल्यावर. म्हणजे त्या कुलूप असतानाच्या आहेत. सोनेरी टोकं आणि काटेरी तार मोठ्या माणसाला अडवत नाहीत, ती चेंडूमागे जाणाऱ्या पोराला अडवतात. दारू प्यायला माणूस ओसाड जागा शोधतो, आणि कुलूप लावून आपण ती स्वतःच्या हातानं ओसाड करून देतो. चार बायका डबा खात बसल्या आहेत, दोन पोरं पुस्तक उघडून बसली आहेत, अशा जागेवर बाटली काढायला छाती लागते.

मग येतात संस्कृतीरक्षक. दुपारी बागेत “जोडपी बसतात” हो! बसतात. कपड्यानिशी, बाकड्यावर, दोघांत एक बॅग ठेवून बसतात आणि बहुतेक वेळा नोकरीचं रडगाणं गातात. ज्या नगरात सवाई गंधर्वांच्या नावाचं सभागृह आहे तिथे हा आक्षेप निघावा, याचं नवल वाटतं. सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, मराठी रंगभूमीवर नायिका रंगवायचे, आणि संगीत नाटकातल्या नायिका-नायकांची भेट उपवनात नाही तर कुठे व्हायची? तिकीट काढून ते बघताना टाळ्या वाजवायच्या आणि आपल्या बागेत मुलगा-मुलगी बोलताना दिसले की वॉचमनला शिट्टी मारायला सांगायची, हे संस्कृतीचं रक्षण असेल तर ती संस्कृती फारच नाजूक झाली आहे.

सगळ्यात साळसूद आक्षेप देखभालीचा. झाडलोट कधी करायची, पाणी कधी घालायचं, हिरवळीला विश्रांती नको का? या हिरवळीबद्दल एकदा स्पष्ट बोलायला हवं. घरच्या नळाला पाणी कधी येणार म्हणून जे शहर वर्षानुवर्षं पिंपं भरून ठेवतं, तिथे बोअरचं पाणी उपसून परदेशी गवत जगवायचं, त्यावर बसू नका म्हणून पाटी लावायची आणि मग त्या गवताला आराम मिळावा म्हणून माणसांना हाकलायचं, हे कुणी मागितलं होतं? करंज, कडुनिंब, पिंपळ यांच्या खालच्या मातीला आरामाची गरज नसते. झाडलोटीचं म्हणाल तर दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन चालू असतानाच झाडले जातात. बागेचे चार भाग करावेत, रोज दुपारी एक भाग दोरी बांधून बंद ठेवावा, तिथे खणणं, छाटणं, फवारणी करावी आणि बाकी तीन भागांत लोक बसलेले असू द्यावेत. माळीकाम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हे एका मिनिटात आखून देईल. त्याला विचारत नाहीत, हीच अडचण आहे.

विचारत नाहीत, कारण बाग चालवणं म्हणजे काय याचं माप चुकलं आहे. देखभालीच्या ठेक्यात दिवे, रोपं, गवताचे चौरस मीटर मोजले जातात. दिवा बंद असला तर तक्रार होते, फाटक बंद असलं तर सगळं ठीक. बंद बागेत काही मोडत नाही, कुणी पडत नाही, कचरा होत नाही. कागदावर पाहिलं तर ती उत्तम चाललेली बाग असते. या सवयीला एक खातं, एक ठेकेदार किंवा एक रहिवासी संघ जबाबदार आहे असं आमचं म्हणणं नाही. पालिकेची बाग असो, ट्रस्टची असो, लेआऊटमधल्या मंडळींनी दत्तक घेतलेली असो, सगळीकडे चावी हातात आली की पहिलं काम कुलूप लावण्याचं होतं.

कायदा आपल्या बाजूनं नाही असं नाही. कर्नाटकात बागा, मैदानं आणि मोकळ्या जागांच्या रक्षणाचा 1985 चा कायदा आहे. बेंगळुरूतल्या एका बागेची जागा खासगी शुश्रूषागृहाला दिली गेली, तेव्हा 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. बाग विकू नये, बागेवर बांधू नये यासाठी लोक कोर्टात गेले आणि जिंकले. पण न विकता, न बांधता, एक साधं कुलूप घालूनही बाग काढून घेता येते, आणि त्यासाठी कुणाला ठराव करावा लागत नाही.

आमचं मागणं असं. बाग पहाटे साडेपाच ते रात्री नऊ सलग उघडी राहावी. वॉचमनच्या दोन पाळ्या कराव्यात, दोघांनाही पूर्ण किमान वेतन मिळावं. आतलं स्वच्छतागृह बागेबरोबर उघडावं. सध्या त्याला वेगळं कुलूप आहे आणि त्याची चावी कुणाकडे आहे हे वॉचमनलाही माहीत नाही. मार्च ते मे फाटकाच्या आत पाणपोई असावी. पुढच्या ठेक्यात फाटक जितके तास बंद तितके पैसे कापण्याचं कलम घालावं. काटेरी तार या आठवड्यात काढावी आणि सोनेरी टोकं कापून गज वरून गोल करावेत. तेवढं वेल्डिंग अर्ध्या दिवसाचं काम आहे; तार ओढायला तेवढाच वेळ लागला होता.

सह्यांचा कागद येत्या रविवारी सकाळी सहापासून फाटकापाशी असेल, मराठीत एक आणि कानडीत एक. फेऱ्या मारणाऱ्यांनी थांबून सही करावी. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना, दूधवाल्याला, रिक्षावाल्याला सांगावं; सही येत नसेल तर अंगठा चालेल. साडेनऊनंतर आम्ही कागद घेऊन बाहेरच्या फुटपाथवर बसणार आहोत, दुपारी साडेचारपर्यंत. येताना छत्री आणावी.

देशपांडे नगरातले काही रहिवासी